पंख्याचे सहा बोल्ट

आमच्या घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं नाही, की ते ह्यांनी लावलेलं आहे असं समजायचं. न्हाणीघरातला नळ, शिलाई मशीनचा नट, सायकलची सीट, जे जे म्हणून पिळता येतं ते हे पिळतात आणि पिळून झाल्यावर "अजून जरासं" म्हणत आणखी एकदा पिळतात. माणूस स्वभावाने मऊ आहे, सगळा जोर मनगटात गेलाय. अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर घरच्या घरी विमान बांधायला घेतलं.

मला हे कळलं तेव्हा मी एका नवरीचा ब्लाऊज कापत होते. शहापूरला माझं शिवणाचं दुकान आहे आणि लग्नसराईचे दिवस होते. ह्यांची सगळी नोकरी मुंबईत विमानदुरुस्तीत गेली. दुसऱ्यांची मोठाली विमानं नीट करून रात्री घरी यायचे, आणि नोकरीच्या शेवटी शेवटी सुट्ट्या टाकून विमान चालवायलाही शिकले. त्या दिवशी दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी सांगितलं, की आपण दोन माणसं बसतील असं एक लहान विमान बांधणार आहोत, आणि त्याच्या पंखांवर कापड चढवायचं असतं. "आपण" आणि "कापड" हे शब्द ऐकले आणि मी ओळखलं, की मला आधीच कामाला लावलेलं आहे. मी चिडले. माझं चिडणं आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे, गिऱ्हाइकं त्याच धाकाने वेळेवर येतात. पण ह्यांनी कापडाचा तुकडा माझ्या हातात दिला, मी तो उभा आडवा ताणून बघितला, आणि त्याला शिवण कुठली घालावी याचा विचार करता करता चिडायचं राहूनच गेलं.

विमान बांधलं ते सासरच्या गावी, किन्हवलीहून मुरबाडच्या अंगाला जाताना लागतं तिथे. घराच्या मागे आमची भातशेती आणि तिच्या वरच्या बाजूला एक लांबलचक सपाट माळ आहे. पूर्वी तिथे नाचणी आणि वरी घ्यायचे. माळाच्या कडेला पत्र्याची शेड घातली आणि आमचे सगळे रविवार तिथे जायला लागले. परवानग्यांच्या कागदांना विमान बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला, त्याबद्दल बोलायला लागले तर मी पुन्हा चिडेन.

गावच्या घरी माझे सासरे, मोठे दीर आणि जाऊबाई असतात. सासऱ्यांनी ऐंशी कधीच ओलांडली आहे. मुलाने विमान काढलंय म्हटल्यावर पहिला महिनाभर ते शेडकडे फिरकले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, की पोराला शहराची हवा लागली. मग एके दिवशी विमानाचा पुढचा पंखा आला. प्रोपेलर म्हणा हवं तर, पण आमच्याकडे सगळे त्याला पंखाच म्हणतात. तो लाकडाचा होता. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून, तासून, वर वॉर्निश दिलेला. सासऱ्यांनी त्याच्यावरून हात फिरवला, नखाने वाजवून बघितला आणि त्या दिवसापासून विमान त्यांचं झालं. लोखंडाचं त्यांना काही वाटायचं नाही, लाकूड मात्र त्यांच्या ओळखीचं होतं. सकाळी न्याहारी झाली की काठी घेऊन शेडमध्ये येऊन बसायचे.

त्यांची इच्छा एकच होती. जन्मभर ज्या खाचरांत चिखलात उभं राहून लावणी केली, ती खाचरं त्यांना एकदा वरून बघायची होती. हे त्यांनी मागितलं तेही लाजत लाजत, एखाद्या मुलाने जत्रेतला पाळणा मागावा तसं. ह्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला, की विमान नीट उडायला लागलं की शेजारच्या सीटवर पहिले बसाल ते तुम्हीच.

आता बोल्टांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन थांबलं.

लाकडी पंखा इंजिनाला सहा बोल्टांनी बसवतात. पंख्याचा मधला जाड भाग मागच्या लोखंडी चकतीवर ठेवायचा, पुढून एक पत्र्याची जाड चकती लावायची, आणि बोल्ट आरपार घालून आवळायचे. पंखा फिरतो तो या दाबाच्या जोरावर. बोल्ट सैल राहिले तर लाकूड चकतीवर घासतं, तापतं, काळं पडतं, शेवटी बोल्ट तुटतात आणि पंखा निघून जातो. फार आवळले तर लाकडाचा चुरा होतो, मग ते कशालाच धरून राहत नाही. ह्यांना हे सगळं माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यांनी विमानांचे बोल्ट मापातच आवळले होते. पण ते कारखान्यात, दुसऱ्यांचे. स्वतःच्या विमानाचे सहा बोल्ट त्यांनी मापाच्या पान्याने आवळले, आणि नंतर साधा पाना घेऊन "अजून जरासं" केलं. चकती लाकडात रुतली आणि कडेने केसासारखी चीर गेली. इंजिन सुरूसुद्धा झालं नव्हतं. तो पंखा आता जाऊबाईंच्या ओटीवर भिंतीला लावलाय आणि त्यावर छत्र्या टांगतात.

दुसरा पंखा आल्यावर मी पाना काढून घेतला. शिलाई मशीनवर मी तेहेतीस वर्षं काम करते. धागा फार ताणला तर कापडाला चुण्या पडतात, ढिला सोडला तर खालून फेंगडी टीप येते, आणि मधली नेमकी जागा बोटांना कळते. शिवाय टॉर्कच्या पान्याला तर बोटांचीही फार गरज नसते. त्याच्यावर माप लावून ठेवायचं, तेवढा ताण आला की तो "टक्" करतो. तिथे थांबायचं. एक बोल्ट, मग त्याच्या समोरचा, मग बाजूचा आणि त्याच्या समोरचा, असं थोडं थोडं करत जायचं, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. शेवटी बोल्टांच्या डोक्यांतून बारीक तार ओवायची, ती अशी पिळायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारच त्याला उलट घट्ट करेल. ते तार पिळणं मला मनापासून आवडतं. आणि आमच्यात ठरलं, की मी "हो" म्हटल्याशिवाय विमान शेडच्या बाहेर पडणार नाही.

हिवाळ्यात ह्यांनी एकट्याने पहिली भरारी घेतली. मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे ती कशी होती ते सांगता येणार नाही. त्यानंतर दर रविवारी हे माळावरून उडायचे, चार घिरट्या घालून उतरायचे आणि मी बोल्ट तपासायचे. थंडीत सगळं जागच्या जागी होतं. उन्हं तापली तसं लाकूड वाळून आकसायला लागलं, आणि दर वेळी पान्याने "टक्" करण्याआधी बोल्ट थोडे थोडे फिरायला लागले. मी चडफडायचे, पण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. लाकूड आकसलं तेवढं आवळून घ्यायचं, इतकंच.

मे महिना संपत आला तेव्हा सासऱ्यांचा रविवार ठरला. पाऊस लागला की माळाचा चिखल होतो आणि दिवाळीपर्यंत विमान शेडमध्ये. त्यांच्या वयाला दिवाळी फार लांब असते, हे आम्हा सगळ्यांच्या मनात होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आदल्या रविवारी बोल्ट तपासताना मी नेहमीप्रमाणे करवादले, की या उन्हाने लाकूड वाळवून टाकलंय, बोल्ट घट्ट म्हणून राहायचे नाहीत. सासरे जवळच बसले होते. त्यांनी मान डोलावली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

ठरलेल्या रविवारी आम्ही पोचलो तर घराला लग्नघराची कळा आली होती. शेणव्याहून नणंद आणि तिच्या घरचे जीप करून आले होते. आळीतली माणसं माळावर झाडाखाली सावली धरून बसली होती. जाऊबाईंनी पहाटेपासून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या होत्या, कोंबडीचा रस्सा चुलीवर होता, टोपलीत आंबे होते. सासऱ्यांनी नवं धोतर आणि कडक इस्त्रीची टोपी घातली होती. जवळ जाऊन बघितलं तर चक्क अत्तर लावलं होतं.

मी तार कापली, पान्याला माप लावलं आणि तो पहिल्या बोल्टावर ठेवला. लगेच "टक्". बोल्ट तसूभर हलला नाही. दुसरा, तिसरा, सहाच्या सहा तसेच. हे मागे उभे होते, खुशीत म्हणाले, बघ, आज एकही सैल नाही. मला मात्र ते आवडलं नाही. आठवडाभर ऊन आधीपेक्षा कडक होतं. दर रविवारी थोडे तरी फिरणारे बोल्ट याच रविवारी कसे शहाण्यासारखे बसून राहिले? कापड फार गुणी वागायला लागलं की मी आधी ते उलटं करून बघते. तसंच मी खाली वाकून चकतीच्या कडेचं लाकूड बघितलं. तिथे वॉर्निशवर पांढुरका डाग होता, पॉलिशच्या टेबलावर गार पाण्याचा पेला ठेवला की पडतो तसा. आणि लाकूड चकतीच्या बाहेर किंचित फुगून आलं होतं.

मी ह्यांना काठी रोवायला सांगितलं. पंखा नीट बसलाय का ते बघायची ही साधी रीत आहे. पंख्याच्या एका टोकाला लागेल न लागेल अशी काठी जमिनीत उभी करायची आणि हाताने पंखा अर्धा फिरवायचा. दुसरं टोक त्याच जागेवरून जायला पाहिजे. आमचं दुसरं टोक काठीपासून बोटभर लांबून गेलं. आदल्या रविवारी दोन्ही टोकं अगदी एका रेषेत होती. ह्यांचा चेहरा उतरला. पंख्याला पाणी लागलं होतं आणि तो एका बाजूने जास्त फुगला होता.

मी विचारलं, की पंख्यावर पाणी कोणी टाकलं. माझा आवाज मोठा आहे, झाडाखाली बसलेल्यांनाही ऐकू गेला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सासरे मात्र पुढे आले, आणि चांगले हसत हसत आले.

"मीच गो," ते म्हणाले. "कुराडीचा दांडा हालला तं आमी काय करतो? रातभर पान्यात ठेवतो. फुगला का घट्ट. हा काय पान्यात बुडवता येत नाय, म्हनून वलं पोतं गुंडाललं. पाच दिस भिजवीत होतो. आता बघ, हालतोय काय?"

हालत नव्हता, हे खरंच होतं. रोज सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून कळशी भरून आणून, ऐंशी ओलांडलेल्या त्या माणसाने माझ्या बोल्टांची काळजी मिटवली होती. कुऱ्हाडीला हे चालतं, कारण दांडा लोखंडाच्या भोकात फुगतो आणि कुऱ्हाड मिनिटाला हजारो वेळा गरागरा फिरत नाही. इथे लाकूड बोल्टांच्या मध्ये फुगलं होतं, स्वतःच चकतीवर चेपत होतं. इंजिनाच्या उष्णतेने आणि वाऱ्याने ते वाळलं असतं की त्याच चेपलेल्या लाकडावर बोल्ट सैल पडले असते, आणि तेही वर असताना. हे सगळं मी शांतपणे समजावून सांगायला हवं होतं की नाही यावर ह्यांचं आणि माझं अजून एकमत नाही. नणंदेच्या जीपमधली मुलं डोळ्यांसमोर होती आणि ह्यांच्या हातात हेल्मेट होतं.

"बाबा, हा पंखा वर सुटला असता तर तुमचा मुलगा परत आला नसता," मी म्हणाले. "आज विमान निघणार नाही."

हे हळूच म्हणाले, की तासभर उन्हात ठेवून बघूया का, एवढी माणसं आली आहेत. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हेल्मेट खिळ्याला अडकवलं.

सासऱ्यांचं हसू गेलं होतं. त्यांनी टोपी काढली, ती घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि घराकडे चालू लागले. मला फार वाईट वाटलं. तरी पाना मी परत पेटीत ठेवला तो ठेवलाच. जेवणं मात्र झाली, आणि जोरात झाली, कारण कोंबडीला पंख्याचं काही देणंघेणं नव्हतं. नणंदेच्या नवऱ्याने तीन आंबे खाल्ल्यावर जाहीर केलं, की विमान उडो न उडो, दरवर्षी असा कार्यक्रम ठेवावा. सासरे अर्धी भाकरी खाऊन उठले.

त्याच दुपारी आम्ही पंखा उतरवला. चकतीखालचं लाकूड चेपलं होतं, पण फुटलं नव्हतं. ह्यांनी पंखा बनवणाऱ्या तज्ज्ञांना फोटो पाठवले, त्यांचं म्हणणं आलं, की सावलीत आडवा ठेवून पूर्ण वाळू द्या, मग मापं घेऊन ठरवू. असा तो पंखा गावच्या घरातल्या मधल्या खोलीत दोन बाजल्यांवर आडवा झाला, आणि सासऱ्यांनी आपणहून त्याची राखण पत्करली. त्यांनी जी राखण केली तशी कोणी तान्ह्या बाळाची करत नाही. त्या खोलीत तांब्या न्यायला बंदी झाली. जाऊबाईंचे ओले केस चालायचे नाहीत. पावसातून कोणी आलं की त्याला ओटीवर उभं करून आधी पुसायला लावायचे. स्वतः पाणी प्यायचं झालं तरी उठून पडवीत जाऊन प्यायचे. दर दोन-चार दिवसांनी दिरांना हाताशी घेऊन पापड उलटावेत तसा पंखा उलटायचे, दोन्ही अंगांनी सारखा वाळावा म्हणून. जाऊबाई मला फोनवर सांगायच्या, की या पंख्याने घरात सासुरवास आणलाय, लवकर घेऊन जा. आम्ही दोघी हसून हसून बेजार व्हायचो.

उडायची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा काढली नाही. ह्यांनी एकदोनदा विषय काढून बघितला, तर ते भाताच्या पिकाविषयी बोलायला लागायचे.

दसरा झाला, पाऊस उघडला, हवा कोरडी झाली. पंख्याची मापं घेतली, ती जागेवर आली होती. चेपलेल्या जागा तज्ज्ञांनी येऊन हाताने तपासल्या आणि चालेल म्हणाले. मी तो नव्याने बसवला. एक बोल्ट, त्याच्या समोरचा, थोडं थोडं, सहाही बोल्टांना सारखं "टक्". काठी रोवून पंखा फिरवला, दोन्ही टोकं एकाच जागेवरून गेली. तार पिळली. सासरे सगळा वेळ बाजूला उभे राहून बघत होते. ह्यांनी दोन रविवार एकट्याने उडून बघितलं, मी दोन्ही वेळा तपासलं, कुठेही काही हललं नव्हतं. तिसऱ्या रविवारी मी सासऱ्यांना म्हटलं, की चला बाबा, आज तुम्ही.

ते एकदम तयार झाले. मला वाटलं होतं आढेवेढे घेतील. कोणाला बोलावलं नव्हतं, आम्ही घरचेच होतो. ह्यांनी त्यांना पट्टा बांधला, कानांवर हेडफोन लावले. खाली सगळी खाचरं पिवळी झाली होती, कापणीला आली होती. बघायला याहून चांगला दिवस मिळाला नसता. विमान माळावरून पळालं, उठलं, आणि या वेळी मी डोळे उघडे ठेवले. ते शेतांवरून मोठा वळसा घालून गेलं, पुन्हा आलं, दुसरा वळसा घातला आणि उतरलं.

मी आणि जाऊबाई धावतच गेलो. ह्यांनी पट्टा सोडला. सासरे खाली उतरले. जाऊबाईंनी विचारलं, की कशी दिसली शेतं, आपलं घर दिसलं का.

"नाय बघितली," ते म्हणाले.

आम्हाला वाटलं घाबरले असतील, डोळे मिटले असतील. ह्यांनाही तसंच वाटलं. मी म्हटलं, बाबा, भीती वाटली का.

"भीती कसली? मी पंख्याकडं बघत होतो," ते म्हणाले. "तू म्हनालीस ना, पंखा सुटला तं पोरगा परत येनार नाय. मंग कोनीतरी बघाया पायजे का नाय? त्याला चालवायचं असतं. म्हनून मी बघत होतो."

फिरता पंखा दिसत नाही. समोर नुसतं धूसर वर्तुळ असतं. त्या वर्तुळाकडे ते सगळा वेळ टक लावून बसले होते, आणि ज्यासाठी ते वर गेले होते ती शेतं खालून निघून गेली होती. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, आणि मी ते पुसलंही नाही. जाऊबाई म्हणाल्या, की अशी रडतेस काय, उतरले ना नीट. मी पेटीतून पाना काढला आणि सासऱ्यांना हाताला धरून पंख्यापाशी नेलं. तार कापली. पाना त्यांच्याच हातात दिला, वरून माझा हात ठेवला, आणि एकेक बोल्ट दोघांनी मिळून तपासला. सहाच्या सहा. टक्, टक्, टक्. एकही फिरला नाही. ते प्रत्येक आवाजाला मान हलवत होते.

मी पुन्हा तार ओवली, पिळली, टोकं आत दाबली आणि त्यांना म्हटलं, की बाबा, हे आता माझ्याकडे. तुम्ही फक्त खाली बघायचं. ते स्वतःच वळून पुन्हा सीटवर चढले.

ह्यांनी इंजिन सुरू केलं. आमच्या अंगावरून गवताचा भुगा उडाला. विमान माळाच्या टोकाला जाऊन वळलं, पळत आलं आणि आमच्या समोरूनच उठलं. शेतांवर पोचता पोचता ते एका अंगाला कललं, तेव्हा सासऱ्यांचं डोकं अगदी बाहेर काढल्यासारखं खाली वाकलेलं दिसलं, आणि त्यांचा एक हात कुठेतरी खाली दाखवत होता.